न्हाणीघराची खिडकी

आमच्या भागात दसरा जवळ आला की स्थानिक पानावर एक बातमी ठरलेली असते. ‘कारखान्याचे बॉयलर अग्निप्रदीपन उत्साहात.’ बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. एवढ्याशा टापूत इतके कारखाने, त्यामुळे फोटो तेवढे बदलतात, मजकूर तोच. एखादे संचालक आणि त्यांच्या सौभाग्यवती पूजेला बसलेल्या, शेजारी अधिकारी आणि कामगार, मागे तो अजस्र बॉयलर. नारळ फुटतो, अग्नी पेटतो आणि गळिताची तयारी सुरू होते.

ही नुसती पूजा नसते बरं का. त्याआधी हंगाम बंद असतानाचे कित्येक आठवडे दुरुस्तीत गेलेले असतात. नळ्यांमधला क्षारांचा थर काढायचा, काजळी झाडायची, झडपा तपासायच्या, गळती शोधायची. त्यावर सरकारी तपासणी. १९२३ सालापासून आपल्याकडे बॉयलरचा स्वतंत्र कायदा होता, २०२५ मध्ये संसदेनं त्याच्या जागी नवा कायदा केला. आपल्या राज्यात बाष्पके संचालनालय नावाचं एक वेगळं खातंच या कामाला आहे. प्रमाणपत्र नसेल तर बॉयलर पेटवता येत नाही, आणि परवाना असलेला माणूस समोर उभा नसेल तर चालवता येत नाही. का? तर आग आणि पाणी एकत्र आणायचं म्हणजे गंमत नव्हे, हे शहाण्या माणसांना फार पूर्वी कळलं होतं.

आता जरा आपल्या घराकडे वळू या. आपल्याही घरात एक बॉयलर आहे की! न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेला, पांढरा, दिसायला गोजिरवाणा. त्यातही आग आहे, पाणी आहे, नळ्या आहेत, झडपा आहेत. त्यात वाफ धरून ठेवत नाहीत आणि तो आकारानं लहान, म्हणून तो त्या कायद्यात येत नाही. ते ठीकच आहे. दर घरी सरकारी साहेब कुठून येणार? पण मग आपल्या या बॉयलरचा साहेब कोण? बसवला त्या दिवशी आपण त्याला हळदीकुंकू वाहिलं. त्यानंतर त्याच्याकडे मान वर करून बघितलं ते थेट बंद पडल्यावर. बहुतेक घरांची हीच कथा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. घरात पाणी तापवणं हे पिढ्यान् पिढ्या बायकांचं काम होतं आणि त्याबरोबर त्या यंत्राची राखणही बायकांच्याच हातात होती. काम आपल्याकडे राहिलं, राखण मात्र कुणाकडेच राहिली नाही. ती आपण परत मागून घेतली पाहिजे. त्यासाठी घर बांधताना, फ्लॅट घेताना आणि पैसे खर्च होताना आपण मध्ये बोललं पाहिजे.

राखण म्हणजे काय, हे ज्यांनी बंब वापरलाय त्यांना सांगायला नको. माझं माहेर इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या बाजूला. तिथं पडवीच्या टोकाला तांब्याचा बंब असायचा. पुण्याच्या तांबट आळीत घडवलेला, आजीच्या लग्नातला. मधोमध उभी नळी, तिच्यात विस्तव, तळाशी जाळी, जाळीतून राख खाली, धूर वरून बाहेर, आणि नळीच्या चारी अंगांनी पाणी. किती साधं आणि किती हुशारीचं! आग मध्ये असल्यामुळे तिची ऊब बाहेर जायच्या आधी पाण्यात जायची. उसाचं पाचट, वाळलेली चिपाडं, तुराट्या, बाभळीचा एखादा ढलपा. रानातून जे येईल त्यावर सगळ्या घराच्या आंघोळी व्हायच्या.

त्या बंबाचे नियम होते आणि ते घरातल्या पोरींना पाढ्यांसारखे पाठ असायचे. आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबात जाळ घातला की सांधे उकलतात, डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो. एक कळशी गरम पाणी काढलं की एक कळशी गार ओतायचं. रोजची राख रोज काढायची, कारण जाळी बुजली की वारा लागत नाही, वारा लागला नाही की जाळ धुमसतो आणि डोळे चुरचुरतात. आठवड्यातून नळीतली काजळी खरवडायची. बाहेरून चिंच आणि राखेनं घासायचा. सणाआधी आत हात घालून तळाचा पांढरा खर काढायचा. ‘खर बसला की लाकडं खातो मेला,’ असं आजी म्हणायची. तिनं विज्ञानाचं पुस्तक उघडलं नव्हतं. पण कार्यक्षमता म्हणजे काय हे तिला तिच्या सरपणाच्या ढिगावरून नेमकं कळत होतं.

आता याचा अर्थ मी ‘गेले ते दिन’ म्हणून उसासे टाकतेय असा कुणी काढू नये. त्या धुरानं आमच्या घरातल्या किती बायकांचे डोळे आणि छाती खराब झाली ते मी पाहिलंय. पहाटे चारला उठून बंब पेटवणारी घरात सून असायची, मुलगा नव्हे, हेही पाहिलंय. बंब गेला ते बरंच झालं. पण बंबाची एक गोष्ट आपण लक्षातच घेतली नाही. तो पडवीत होता. उघड्यावर. त्याचा धूर आभाळात जायचा. बंबातलं पाणी बादलीत यायचं आणि बादली न्हाणीत जायची. आग बाहेर आणि माणूस आत, ही त्याची मांडणी होती.

गॅस गिझर आला आणि ही मांडणी मोडली. तो आला त्यालाही कारण होतं. २००५ च्या पुढची काही वर्षं आठवा. दिवसातून किती तास लोडशेडिंग! पहाटे वीज नाही, मग विजेचा गिझर घेऊन करायचं काय? सिलिंडर मात्र घरात होता. गॅसवरचा गिझर आकारानं लहान, किमतीला स्वस्त, नळ सोडला की मिनिटभरात कढत पाणी. बारामतीच्या नव्या सोसायट्यांत, भिगवण-इंदापूरच्या बंगल्यांत तो भराभर शिरला. आणि बसवणाऱ्यांनी तो बसवला कुठं? तर पाणी जिथं हवं तिथंच. म्हणजे न्हाणीघराच्या आत. चार बाय सहाच्या, दार लावलेल्या खोलीत. आग आणि माणूस एकाच कोंडवाड्यात.

त्या कोंडवाड्यात काय होतं ते नीट समजून घेऊ या, कारण इथं चूक जिवावर बेतते. गॅस जळायला हवेतला प्राणवायू लागतो. लहान बंद खोलीत तो झपाट्यानं कमी होतो. प्राणवायू पुरेना की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. गॅस जळल्यावर तो वास उरत नाही. म्हणून ‘वास कुठं येतोय, म्हणजे सगळं ठीक आहे,’ हा हिशेब इथं साफ चुकतो. हा वायू श्वासातून रक्तात गेला की हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. रक्त वाहत राहतं, पण प्राणवायू पोचवत नाही. आधी डोकं जड होतं, गरगरतं, मळमळतं, मग पायातलं बळ जातं. धोका कळेपर्यंत कडी काढायला हात उचलत नाही. न्हाणीघरातल्या मरणात ओरडा का ऐकू येत नाही, त्याचं हे उत्तर आहे.

या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीत एक शाळकरी मुलगी आंघोळीला गेली आणि बेशुद्ध सापडली. पुढे दवाखान्यात ती गेली. मार्च २०२३ मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं एक जोडपं न्हाणीघरात मृतावस्थेत सापडलं. दोन्ही वेळी गॅस गिझरकडेच बोट दाखवलं गेलं. ही मुंबईची नावं आहेत म्हणून आपण निर्धास्त राहायचं कारण नाही. गिझर तोच आहे, सिलिंडर तोच आहे. उलट आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची पहाट मुंबईपेक्षा कितीतरी गार. आपण खिडक्या अधिक घट्ट लावतो आणि पाणी अधिक कढत घेतो.

जी माणसं जातात त्यांची निदान बातमी तरी होते. जी जात नाहीत त्यांचं काय? इथं मला बायकांचं विशेष बोलायचंय. आंघोळ करून आलेल्या बाईला गरगरलं तर घरात काय म्हणतात? ‘उपास होता ना आज.’ ‘पित्त झालं असेल.’ ‘रक्त कमी आहे तिला.’ ‘दिवस तर गेले नाहीत?’ बाईच्या चक्करीला आपल्याकडे इतकी तयार कारणं आहेत की भिंतीवरच्या डब्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना दोन हिवाळे असं होत होतं. टॉनिक झालं, लोहाच्या गोळ्या झाल्या, एका काकींनी दृष्टसुद्धा काढली. शेवटी त्यांची मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली आणि म्हणाली, ‘आई, तुला चक्कर फक्त आंघोळीनंतरच कशी येते गं?’ गिझर बाहेरच्या गॅलरीत हलवला आणि चक्कर थांबली. न्हाणीघरात आलेला झटका मिरगी समजून औषधं सुरू झाल्याची उदाहरणं आपल्या देशातल्या मेंदूविकार तज्ज्ञांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली आहेत. तेव्हा घरात कुणालाही आंघोळीत चक्कर किंवा फिट आली, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं की ‘आमच्याकडे गॅसचा गिझर आहे.’ ते आपण सांगितलं नाही, तर त्यांना कसं कळणार?

आणि ‘रक्त कमी आहे’ हे खोटंही नाही. सरकारच्याच आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळतो. जिच्या रक्तात आधीच हिमोग्लोबिन कमी, तिच्याकडे अशा वेळी शिल्लक काय राहणार? पोटुशी बाईला तर धोका दुहेरी, कारण हा वायू पोटातल्या बाळापर्यंत पोचतो.

आता येते ती खिडकी. गिझरबरोबरच्या माहितीपत्रकात, प्रत्येक सूचनेत, प्रत्येक बातमीच्या शेवटी एक वाक्य हमखास असतं: ‘आंघोळ करताना खिडकी उघडी ठेवा.’ हे वाक्य लिहिणारा नक्की पुरुष असणार, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. अहो, कुठली बाई आंघोळ करताना खिडकी उघडी ठेवेल? समोर दुसऱ्याची गच्ची, मागे बोळ, बोळात पोरं. आम्ही तर उघड्या झडपेला वर्तमानपत्र चिकटवतो, काचेच्या पट्ट्यांच्या फटीत कापडाचे बोळे कोंबतो. थंडी हे एक कारण, पण खरं कारण लाज आणि भीती. नवऱ्याला खिडकी उघडी ठेवून आंघोळ करता येते, बायकोला येत नाही. म्हणजे एकच गिझर, एकच न्हाणीघर, पण धोका दोघांना सारखा नाही. ‘खिडकी उघडी ठेवा’ असं बाईला सांगणं सोपं आहे. तिला बिनघोर उघडी ठेवता येईल अशी खिडकी बांधणं हे खरं काम आहे, आणि ते अवघडही नाही. छताला लागून, माणसाच्या उंचीच्या वर, तिरक्या पट्ट्यांची पक्की जाळी. जी बंदच करता येत नाही अशी. आणि दाराच्या खालच्या बाजूला हवा आत यायला दुसरी जाळी. ना कुणाला दिसतं, ना वारा अडतो. घर बांधताना याचा खर्च एका नक्षीच्या फरशीइतकाही येत नाही.

शहरातल्या फ्लॅटची तऱ्हा आणखी वेगळी. आमच्याच फ्लॅटमध्ये बिल्डरनं गॅस गिझरची जोडणी न्हाणीघराच्या आत काढून ठेवली होती आणि खिडकी उघडत होती ती अरुंद डक्टमध्ये. त्याच डक्टमध्ये खालच्या-वरच्या सगळ्यांच्या न्हाणीघरांची हवा! विचारलं, तर ‘सगळीकडे असंच देतो मॅडम, कुणाची तक्रार नाही.’ कुणाची तक्रार नाही, कारण फ्लॅट बघताना आपण बायका ओट्याची उंची बघतो, देवघराची दिशा बघतो, कपाटं मोजतो. न्हाणीघरात नुसतं डोकावून ‘टाइल्स छान आहेत’ म्हणतो. यापुढे तिथं उभं राहून विचारायचं: धूर जाणार कुठून आणि हवा येणार कुठून?

आणखी एक जागा, जिथं मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. ती म्हणजे बाळंतिणीची आंघोळ. माहेरी आलेली लेक, महिन्याचं बाळ, तेल लावणाऱ्या मावशी. बाळाला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. कढत पाणी अर्धा-पाऊण तास चाललेलं. आधी बाळाची आंघोळ, मग बाळंतिणीची. गिझर आत असेल तर तो सगळा वेळ जळतोय. आणि आंघोळीनंतर धुरी-शेक द्यायला बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी! धुमसत्या निखाऱ्यांतूनही हाच वायू निघतो. वारा लागू नये ही माया खरी, पण वारा अजिबातच नसणं हे वाऱ्यापेक्षा वाईट. बाळंतिणीचं आणि बाळाचं पाणी बाहेर तापवून बादल्यांनी आत न्यावं आणि शेगडी असलेल्या खोलीचं दार उघडं ठेवावं. हे आज्यांना, मावशींना पटवायचं काम आपल्यालाच करावं लागेल. ‘बंब कुठं असायचा, आजी? पडवीतच ना?’ एवढं विचारलं तरी त्यांना पटतं, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीच्या पहाटेचंही तसंच. नरक चतुर्दशीला घरात पाहुणे, उटणी, तेलं, एकामागून एक आठ-दहा आंघोळी, गिझर बंद म्हणून नाही. शेवटी न्हाणीघरात कोण जातं? सगळ्यांचं आटोपून घरची बाई. तोपर्यंत त्या खोलीतली हवा किती वापरली गेली असेल याचा विचार करा.

यावर सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे गिझर भिंतीच्या बाहेर. गॅलरीत, मागच्या मोकळ्या जागेत, जिथं हवा खेळते तिथं. पाण्याची नळी तेवढी आत घ्यायची. नळीचे चार फूट आणि प्लंबरचा एक दिवस, एवढंच काम. ते होईपर्यंत आपली जुनी बादली आहेच. बादली भरायची, गिझर बंद करायचा, दार-खिडकी उघडी ठेवून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्यायची, मगच कडी लावायची. शॉवरखाली उभं राहायचा सोस असेल तर गिझर आत नकोच. बऱ्याच गिझरना काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, पण ती शेवटची आडकाठी आहे, तिच्या भरवशावर राहायचं नसतं. न्हाणीघराची कडी बाहेरून उघडता येईल अशी असावी. आत गेलेल्या माणसाला मधूनमधून हाक मारावी. हाकेला ओ आली नाही तर संकोच न करता दार उघडायचं, माणसाला मोकळ्या हवेत आणायचं, गॅस बंद करायचा आणि दवाखाना गाठायचा. करोनाच्या काळात घेतलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी काढू नका. या विषबाधेत तो आकडा चांगला दाखवून फसवतो.

आता रोजच्या राखणीचं बोलू. आपल्या भागात बोअरचं पाणी जड. पातेल्याच्या तळाला, नळाच्या तोंडाला पांढरा थर बसतो तो आपण रोज बघतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना सुटा होऊन धातूला चिकटतो. गिझरच्या आतल्या बारीक नळ्यांतही तेच होतं. थर वाढला की ऊब पाण्यात शिरत नाही, ती वाया जाते. मग तेवढंच पाणी तापायला जास्त गॅस लागतो, नळाची धार बारीक होते आणि सिलिंडर आठवडाभर आधी संपतो. आजीचं ‘खर बसला की लाकडं खातो’ ते हेच. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, माहितगार कारागिराकडून नळ्यांतला क्षार काढून घ्यायचा, बर्नर आणि त्यावरची काजळी साफ करून घ्यायची. कारागीर आला की आपण चहा ठेवायला आत जातो, जाऊ नका. उभं राहून बघा आणि विचारा. ज्योत निळी, स्थिर हवी. ती पिवळी-तांबडी, फडफडती दिसली, गिझरच्या वर काळं धरलं, तर गॅस नीट जळत नाही असं समजायचं आणि दुरुस्तीपर्यंत गिझर वापरायचा नाही. ही खूण कुणीही ओळखू शकतं, शेगडीच्या ज्योतीवरून आपण ती रोजच ओळखतो. गॅसच्या रबरी नळीवर आयएसआयची खूण आणि तारीख असते. ती नळी पाच वर्षांच्या आत बदलायची, भेग दिसली तर त्याच दिवशी. सिलिंडर न्हाणीघरात कधीही नको. रात्री रेग्युलेटर बंद. गॅसचा वास आला तर १९०६ हा तक्रारीचा क्रमांक फ्रिजवर लिहून ठेवा. वास आलेला असताना दिव्याचं बटण मात्र दाबू नका.

ज्यांच्याकडे विजेचा गिझर आहे त्यांनी धूर नाही म्हणून निवांत व्हायचं कारण नाही, पण त्यांची राखण सोपी. अर्थिंग पक्कं आहे की नाही ते वायरमनकडून तपासून घ्या आणि वीज उतरली की तात्काळ बंद करणारा स्विच बसवून घ्या. जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून पाणी ठिबकतं म्हणून तिला चिंधी बांधणारे महाभाग मी पाहिलेत! ती झडप म्हणजे टाकीचा प्राण आहे. तापमान पन्नास-साठ अंशांवर ठेवलं तर बिल वाचतं, भाजत नाही आणि क्षारही कमी धरतो. बादलीत टाकायचा रॉड स्वस्त, पण पाण्यात हात घालायच्या आधी बटण बंद करून पिन काढायची, आणि पोरं असलेल्या घरात तो नकोच. सोलरची गोष्ट चांगली. आपल्याकडे ऊन उदंड, एकदा खर्च केला की जळण फुकट आणि आग कुठंच नाही. फक्त जड पाण्यानं त्याच्याही नळ्या धरतात, त्या साफ कराव्या लागतात आणि गच्चीवरची हवेची नळी मोकळी लागते. घर बांधत असाल तर माझं मत सोलरच्याच पारड्यात.

हे सगळं ऐकून एखादी म्हणेल, ‘हे माझं काम नाही, यांना सांगते.’ जरूर सांगा. पण बघा हं, ‘यांना सांगते’ म्हणून किती वर्षं गेली? घरातल्या मोटारसायकलचं सर्व्हिसिंग न चुकता होतं. किलोमीटर झाले की होतं, कुणी आठवण करावी लागत नाही. कारण ती ज्याच्या हातात असते त्याला तिचा आवाज कळतो. गिझरचा आवाज कुणाला कळतो? पहाटे तो पहिल्यांदा सुरू करते तिला. ज्योत भक्कन लागली, उशिरा लागली, पाणी आज कोमटच आलं, हे तिला आधी कळतं. तिनं ते बोलून दाखवलं की ‘तुला काय कळतं त्यातलं’ हे उत्तर येऊ नये, एवढी तिची माहिती पक्की हवी. आणि कारागिराचे पैसे, जाळीचे पैसे, नळीचे पैसे हे ‘बघू पुढच्या महिन्यात’मध्ये जाऊ नयेत, एवढा तिचा आवाज हवा.

महिला मंडळांना, बचत गटांना एक सुचवावंसं वाटतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटतो. एका वर्षी त्याऐवजी एक कारागीर बोलवा, एक उघडा गिझर टेबलावर ठेवा आणि तासभर बायकांना तो आतून दाखवा. ज्योत कशी असावी, क्षार कसा दिसतो, नळीवरची तारीख कुठं असते. ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेतही हा विषय काढता येईल. घरकुलाची न्हाणीघरं बांधताना वर आणि खाली जाळी सोडा, एवढी मागणी कुणालाही जड जाऊ नये.

दिवाळीच्या साफसफाईत आपण माळ्यावरचे डबे उतरवतो, पंख्याची पाती पुसतो, देवाची भांडी लखलखीत करतो. या वर्षी त्या यादीत पहिलं नाव न्हाणीघराचं लिहा. चार दिवस आधी कारागिराला फोन करा. आणि तो यायच्या आत, झडपेच्या फटीत आपणच कधीतरी कोंबलेले ते कापडाचे बोळे काढून टाका.